दारं लावून घेणारी झाडं

वैशाखात शिरपूर अकराच्या सुमारास आतून कडी लावून घेतं. खिडक्या मिटतात, पश्चिमेच्या गजांवर जुनी चादर नाहीतर ओलं गोणपाट लटकतं, ओट्यावरच्या चपलाही आत येतात. पाच वाजेपर्यंत रस्त्यावर कामाशिवाय कोणी दिसत नाही. गच्चीवर मात्र सकाळी घातलेले बिबडे आणि कुरडया निवांत पडलेल्या असतात. दुपार टळायच्या आत त्या हातात घेतल्या तर वाजतात. खानदेशातल्या बायकांना हे ऊन हवंच असतं, वर्षाची बेगमी त्यावर होते. त्याच गच्चीच्या जिन्यात कोणीतरी हौसेनं आणलेला फर्न ठेवलेला असतो. बिबड्यांना एक न्याय आणि त्याला दुसरा, असं हे ऊन करत नाही.

घरातलं झाड म्हटलं की डोळ्यांपुढे पानांनी ओथंबलेला हिरवागार कोपरा येतो. तो कोपरा बहुतेक वेळा मुंबईतल्या नातेवाइकांकडे पाहिलेला असतो, नाहीतर मोबाइलवर. तो जसाच्या तसा इथं उभा करायचा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी ओतलं जातं, आणि जून येईस्तोवर रिकाम्या कुंड्या जिन्याखाली जमा होतात. मग ‘आपल्याकडे झाडं टिकतच नाहीत’ असं म्हणून विषय संपतो. मला हे पटत नाही. झाडं टिकतात. फक्त त्यांना जगवण्याची इथली रीत वेगळी आहे, आणि ती रीत गाव दुपारी जसं वागतं त्यातच आहे.

आपण उन्हाला दोष देतो, पण सावलीतही झाड वाळतं ते हवेमुळे. हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या एखाद्या खोलीत हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तिथल्या एक घनमीटर हवेत आणखी साधारण ९ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. शिरपुरात मेच्या दुपारी पारा ४४ वर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तेवढ्याच हवेत आणखी सुमारे ५३ ग्रॅम मावते. म्हणजे पानाभोवतीची हवा जवळजवळ सहापट तहानलेली. ही तहान पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून भागते. मुळं खालून जेवढं पाणी चढवू शकतात त्याहून वरची ओढ जास्त झाली, की ओल्या मातीत उभं असलेलं झाडही मान टाकतं. अशा वेळी पानांवर फवारा मारला की बरं वाटतं ते आपल्याला. ते पाणी दोन-चार मिनिटांत उडून जातं आणि झाड पुन्हा त्याच हवेत उभं असतं.

त्यात आपण ज्यांना घरातली झाडं म्हणतो त्यातली बरीचशी मुळात जंगलाच्या दमट सावलीतली आहेत. मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या पर्जन्यवनातला, अरेका पाम मादागास्करचा. आपल्याकडे येण्याआधी त्यांची वाढ झालेली असते ती आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणी, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओलसर हवेत, हिरव्या शेडनेटखाली. तिथून ट्रकनं निघालेलं रोप खानदेशात उतरतं तेव्हा ते चकचकीत दिसतं, कारण त्याला अजून इथली दुपार भेटलेली नसते. आणि प्रश्न नुसत्या उन्हाळ्याचा नाही. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत चाळीसेक अंशांची तफावत. वर्षभर जवळपास एकाच उबेत राहिलेल्या बेटावरच्या वेलीला हे सगळं एका वर्षात सोसायचं असतं. म्हणून रोप आणायचंच असेल तर ते जुलै-ऑगस्टमध्ये आणावं. पुढचे आठ-नऊ महिने त्याला हळूहळू पानं बदलायला मिळतात. मार्चमध्ये आणलेल्या रोपाला तेवढी सवड कोण देणार?

या गावात कोणाकडूनही न शिकता नीट जगणारं एक झाड मी लहानपणापासून बघते आहे, ते म्हणजे पानफुटी. तिला कोणी विकत आणत नाही. शेजारणीकडून एक पान घ्यायचं आणि मातीवर नुसतं टाकायचं, त्याच्या कडेच्या खाचांतून पिल्लं उभी राहतात. वहीत ठेवलेल्या पानालाही फुटतात. या पानफुटीनं एका गोऱ्या माणसाला कोड्यात टाकलं होतं. बेंजामिन हाइन हा जर्मनीत जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात होता. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारी त्याला चवच नसते आणि संध्याकाळकडे ते किंचित कडवट होतं, असं त्याच्या ध्यानात आलं. १८१३ मध्ये त्यानं हे लॅम्बर्ट नावाच्या इंग्रज अभ्यासकाला पत्रानं कळवलं, आणि १८१५ मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आलं.

त्या आंबटपणाचा उलगडा पुढे बऱ्याच वर्षांनी झाला. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या उघड्या दारातून पाणी गमावतात. पानफुटी दिवसा रंध्रं मिटून बसते. रात्री हवा निवली की उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. म्हणून पहाटे पान आंबट. दिवस उजाडला की दारं बंद करून, साठवलेल्या मालावर उन्हाच्या मदतीनं अन्न शिजवते. दुपारपर्यंत आम्ल संपतं आणि चव जाते. अकराला कडी लावून संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारं आमचं गाव आणि ही पानफुटी एकाच शहाणपणानं जगतात. कोरफड, स्नेक प्लांट, जेड ही सगळी याच रीतीची झाडं. शिरपुरातल्या घरात ती न कुरकुरता राहतात याचं कारण एवढंच, की त्यांची दुपार आणि आपली दुपार सारखी आहे.

यावरून एक गैरसमजही दूर व्हावा. ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ म्हणून स्नेक प्लांट बेडरूमसाठी विकला जातो. रात्री त्याची रंध्रं उघडी असतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. स्नेक प्लांट उशाशी ठेवायला हरकत नाही, पण तो उन्हाळ्यात पाणी कमी मागतो हाच त्याचा खरा गुण आहे, आणि तो गुण विकणाऱ्याला सांगावासा वाटत नाही.

पातळ पानांच्या झाडांचं काय? ती दुपारी पानं लोंबवतात. हे बघून आपला जीव तुटतो आणि हात तांब्याकडे जातो. आमच्या गल्लीतली एक म्हातारी आजीमाय कोणालाही अशा वेळी पाणी घालताना पाहिलं की ओट्यावरूनच ओरडायची, ‘दुपारले पानी नको टाकू माय, मुयं शिजी जातीन!’ तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, कारण तिच्या डोळ्यांपुढे गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी होतं. मेमध्ये दुपारी तीनला त्या नळाखाली हात धरवत नाही. तेच पाणी कुंडीत गेलं तर मुळांनी काय करावं? उन्हाळ्यात झाडांचं पाणी रात्रीच बादलीत काढून ठेवायचं आणि पहाटे घालायचं. दुपारी लोंबलेली पानं दिवेलागणीला पुन्हा उभी राहिली तर झाड बरं आहे, त्यानं फक्त दुपारपुरतं अंग चोरलं होतं. संध्याकाळीही मान खालीच असेल, तर बोट पेरभर मातीत घालून बघावं. माती ओली असेल तर पाण्यानं दुखणं वाढेल, कोरडी असेल तरच घालावं.

मातीबद्दल आमच्याकडे एक अभिमान आहे. कापसाची काळी माती, इतकी कसदार की शेतात तिला तोड नाही. तीच कुंडीत भरली की दगा देते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट पडते. आपण वरून पाणी घालतो, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत जमा होतं आणि आपल्याला वाटतं, झाड पोटभर प्यालं. प्रत्यक्षात मुळांचा गड्डा आत ठणठणीत कोरडा. अशी कुंडी उचलून बादलीभर पाण्यात बुडवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात तिच्यात वाळू, पोयटा आणि जुनं शेणखत मिसळावं, म्हणजे ती इतकी आकसणार नाही.

घातलेलं पाणी आणि मुरलेलं पाणी यांतला फरक या तालुक्यानं मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २००४ पासून इथं जे काम उभं राहिलं त्याला पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ असं नाव पडलं. त्यामागे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल होते. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात पिवळ्या चिकण मातीचे थर पाणी खाली उतरू देत नाहीत, त्यामुळे पाऊस पडूनही विहिरी भरत नाहीत, हे त्यातलं निदान. म्हणून नाले नुसते अडवले नाहीत, ते खोल आणि रुंद केले, त्यांवर दारं नसलेले सिमेंटचे बंधारे बांधले, काही ठिकाणी गाळलेलं पाणी थेट विहिरींत सोडलं. पाणी अडवणं सोपं, ते जिथं हवं तिथं उतरवणं हे खरं काम. कुंडीतही आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो.

उतरवण्याची युक्ती आमच्या देवघरातही होती. वैशाखात शिवाच्या पिंडीवर गळती बांधतात. तळाला भोक असलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी. आमच्याकडे तशीच एक गळती तुळशीवरही टांगलेली असायची. तुळस पातळ पानांची, उघड्यावरची, तरी ती वैशाख काढायची ती या थेंबांवर. पुढे १९८०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ठिबकच्या नळ्या खानदेशच्या केळीच्या बागांत पसरवल्या तेव्हा जुन्या शेतकऱ्यांना ते तंत्र अगदीच परकं वाटलं नसेल. मला घरात नळ्यांचं जाळं नको वाटतं. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुजलेली छोटी घागर नंतर मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरते आणि पाण्यानं भरून वर झाकण ठेवते. भाजलेल्या मातीतून पाणी बाहेर झिरपतं ते भोवतीची माती जेवढं ओढेल तेवढंच. माती ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही रीत आहे. एक काळजी मात्र घ्यायची. घागर नवी हवी. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून तो पाणीही गार करत नाही आणि झाडालाही देत नाही.

हे क्षार हा आमच्या झाडांचा मुका शत्रू. बोअरचं पाणी जड. कूलरच्या गवतावर मेअखेर जो पांढरा कडक थर चढतो, तोच कुंडीच्या कडेला दिसतो आणि तोच मातीतही साचत असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मग पानांची टोकं तपकिरी होतात आणि आपण म्हणतो, उन्हानं जळाली. फिल्टर जे पाणी बाहेर टाकतो ते तर आणखी खारट, तरी काटकसर म्हणून तेच कुंडीत ओतणारी घरं कमी नाहीत. ते लादी पुसायला वापरावं. मुंबईची बहीण सांगते, एसीखाली बादली लावते आणि रोज ती भरते, तेच झाडांना घालते. इथं मेमध्ये एसीखाली बादली लावून पाहा. हवेत पाणीच नसेल तर एसी तरी कुठून गाळणार? आमच्या कुंड्यांना खरी अंघोळ जुलैच्या पावसात मिळते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवायच्या आणि तळातून पाणी वाहू द्यायचं. वर्षभराचं मीठ धुऊन जातं.

कूलरचं एक वेगळं आहे. एसी आपली हवा कोरडी करतो, कूलर ओली करतो. कूलरच्या खोलीत ठेवलेली मनीप्लांटची वेल बाहेरच्या वेलीहून टवटवीत राहते हे कोणत्याही खानदेशी घरात बघायला मिळेल. फक्त तिला थेट झोतात ठेवायचं नाही. वाऱ्याच्या मार्गातलं पान सतत पुसलं जातं आणि ओल्या हवेतही वाळतं. कूलरपासून बाजूच्या कोपऱ्यात, जिथं गारवा पोचतो पण पडदा हलत नाही, तिथं तिची जागा.

जागा म्हटली की खिडक्यांचा प्रश्न येतो, आणि इथं युरोप-अमेरिकेच्या हिशेबानं लिहिलेली पुस्तकं फसवतात. त्यांच्यात दक्षिणेची खिडकी तापलेली आणि उत्तरेची सौम्य असते. शिरपूर साधारण २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर छोटा छज्जा असला तरी तिथं ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. उलट उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. हिवाळ्यात सगळं उलटतं. मग दक्षिणेची खिडकी दिवसभर ऊब देते, आणि थंडीनं आखडलेल्या मनीप्लांटला तेच हवं असतं. एकच खिडकी मेमध्ये सावली आणि जानेवारीत ऊन देते, याहून जास्त एखाद्या झाडानं काय मागावं? पश्चिमेची खिडकी मात्र बारमाही वैरीण, तिच्यात कोरफडीशिवाय कोणी टिकत नाही. आणि स्लॅबची घरं झाल्यापासून रात्रीचाही भरवसा उरलेला नाही. जुनी धाब्याची घरं जाड मातीची, दिवसा गार राहायची. आताची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहालाही पायांना चटके देते. गच्चीवरच्या कुंडीला मग रात्रीचीही विश्रांती मिळत नाही. उन्हाळ्यापुरती ती खाली, जिन्याखाली, ओसरीत आणावी.

एवढं सगळं करून मेमध्ये झाड वाढत नाही, अशी तक्रार लोक करतात. नवं पान नाही, उंची नाही, जुनी दोन पानं पिवळी होऊन गळली. मग कोणी खत घालतं. हे सर्वांत वाईट. सातपुड्याकडे जाताना रस्त्याकडेचे साग बघा. पानं झडलेली असतात, आणि तरीही त्यांना कोणी आजारी म्हणत नाही. उन्हाळ्यात ते काठीसारखे उभे असतात. अशा झाडांनी पाण्याची वेळ आणि वाढीची वेळ यांची सांगड घातली आहे. पाऊस नसताना वाढणं हा त्यांच्या लेखी उधळेपणा. मग कुंडीतल्या झाडाकडून आपण बारमाही वाढ का मागावी? वैशाखात जे झाड थांबतं, पानं कमी करतं, रंध्रं मिटतं आणि मुळं जपतं, ते निरोगी झाड. त्याची तपासणी जूनमध्ये करावी, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी. तेव्हा कोंब फुटला की समजावं, उन्हाळ्यात त्याचं काही बिघडलेलं नव्हतं. आणि तेव्हाच आपला हातही आवरावा, कारण उन्हाळ्याच्या सवयीनं जुलैतही रोज तांब्या ओतल्यामुळे कुजलेली झाडं मी वाळलेल्या झाडांहून कमी पाहिलेली नाहीत.

शेवटी कुंडीत काय लावायचं हा प्रश्न किती पाणी मागायचं या प्रश्नापर्यंत येतोच. मेमध्ये अरेका पामला जे पाणी लागतं ते कुठल्यातरी बोअरमधून येतं, आणि ज्या तालुक्यानं ते जमिनीत उतरवायला इतकी वर्षं घालवली, तिथं त्याचा हिशेब घरातही असावा. माझ्या घरात म्हणून पानफुटी, कोरफड आणि स्नेक प्लांट यांचीच बहुसंख्या आहे. दिसायला ती फार देखणी आहेत असा माझा दावा नाही. एक फर्न मात्र मी ठेवला आहे, मोरीच्या खिडकीत, जिथं अंघोळीच्या पाण्यानं हवा ओली राहते. त्याला दिवसातून दोनदा बघावं लागतं, त्याचं पाणी गाळून घ्यावं लागतं, एप्रिल उजाडला की त्याची काळजी लागते. हे सगळं माहीत असून तो ठेवला आहे. घरात एखादा लाड चालतो, पण सगळं घर लाडावर चालत नाही, आणि खानदेशात तर नाहीच नाही.